समुद्री काजव्यांचे कूळ : शिंपल्याआडची शरीररचना आणि वर्गीकरण

(किनारी तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासाठी भरलेल्या विज्ञान शिबिरातील व्याख्यान)



‘ऑस्ट्रॅकोडा’ हा शब्द येथे जमलेल्या शिक्षकांपैकी अनेकांनी पदवी परीक्षेसाठी पाठ केला असेल आणि परीक्षा संपताच तो विस्मरणातही गेला असेल. यात नवल नाही. प्राणिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात या प्राण्यांच्या वाट्याला बहुधा एक परिच्छेद आणि एक आकृती येते, आणि ती आकृतीही गोड्या पाण्यातील सिप्रिस या प्राण्याची असते. त्यांची एक मोठी समुद्री शाखा या आकृतीच्या बाहेरच राहते. आज मी त्या शाखेविषयी, विशेषतः तिच्यातील ‘मायोडोकोपिडा’ या गणाविषयी बोलणार आहे. जपानी लोक ज्याला ‘उमि-होतारू’ म्हणजे समुद्री काजवा म्हणतात, तो प्राणी याच गणातला.

मोहरीहून मोठ्या आणि मसुरीहून लहान अशा प्राण्याचे पाय मोजून आम्हांला काय करायचे, असा प्रश्न पंचायत सदस्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मनात येणे रास्त आहे. एखाद्या खाडीत जेट्टी बांधावयाची असली की तेथील पाण्यातील जीवांची पाहणी होते, आणि अनेक अहवालांत या प्राण्यांसाठी ‘ऑस्ट्रॅकोडा’ अशी एकच ओळ असते. त्या एका ओळीत पाणी गाळून खाणारे, मेलेल्या माशांचे अवशेष फस्त करणारे आणि शिकार करणारे असे अगदी निरनिराळ्या वृत्तीचे प्राणी सामावलेले असतात. ओळ खोटी नसते. परंतु ‘पक्षी’ एवढेच लिहून त्यात चिमण्या, बगळे आणि घारी एकत्र मोजाव्यात, तशी ती असते. ही ओळ उलगडायची कशी, हा आजच्या विवेचनाचा गाभा होय.

प्रथम बाह्य रूप पाहू. हा प्राणी दोन शिंपल्यांत बंद असतो. वरवर पाहिले तर तिसऱ्यांचे अगदी लहान पिल्लूच हाती आले असे वाटावे. शिंपले पाठीच्या बाजूस बिजागरीसारखे जोडलेले असतात आणि शरीराच्या मध्यातून आडवा जाणारा स्नायू ते आवळून धरतो. पण हे साम्य येथेच संपते. शिंपला उघडला तर आत तिसरीचा मऊ गोळा नसतो. सांध्यासांध्यांचे पाय, शृंगिका आणि जबडे असलेला एक संधिपाद प्राणी दुमडून बसलेला असतो. कोळंबी व खेकडे ज्या कवचधारी गटात मोडतात, त्याच गटातला हा जीव. शिंपल्यात राहणारी कोळंबी असे त्याचे वर्णन केले तर ते शास्त्राला फारसे सोडून होणार नाही. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये या गटाला दिलेले नावही शिंपला किंवा खापर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे.

ऑस्ट्रॅकोडा वर्गाच्या आज जिवंत असलेल्या हजारो जाती ज्ञात आहेत. समुद्राच्या तळापासून विहिरींपर्यंत आणि भातखाचरांपासून डबक्यांपर्यंत त्या पसरलेल्या आहेत. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांनी १८६६ मध्ये या प्राण्यांची चार विभागांत मांडणी केली आणि तीत फेरफार होत होत आज दोन उपवर्ग मानले जातात : पोडोकोपा आणि मायोडोकोपा. पोडोकोपांचा शिंपला चुन्याने भरभक्कम झालेला असतो. त्यामुळे त्यांचे जीवाश्म खडकांत विपुल सापडतात, आणि खनिज तेलाच्या शोधात खडकाचे वय ठरविण्यासाठी भूशास्त्रज्ञ त्यांचा सर्रास उपयोग करतात. ऑस्ट्रॅकोडांचा अभ्यास करणाऱ्यांत भूशास्त्रज्ञांची संख्या मोठी आहे ती याचमुळे. साहजिकच या शास्त्राला शिंपला पाहून नाव ठेवण्याची सवय जडली. या सवयीचे परिणाम पुढे दिसतील.

मायोडोकोपा मात्र सगळे समुद्रवासी. त्यांच्या शिंपल्यात चुन्याचा अंश कमी, म्हणून ते टिकत नाहीत. त्यांतही दोन गण आहेत. हॅलोसिप्रिडा गणातील पुष्कळसे प्राणी खुल्या समुद्रात प्लवक म्हणून तरंगतात आणि त्यांना नेत्र नसतात. दुसरा गण मायोडोकोपिडा. आपला आजचा विषय.

मायोडोकोपिडाच्या शिंपल्याची पुढची बाजू पाहिली की त्याची ओळख पटते. तेथे वरच्या अंगाला चोचीसारखा एक पुढे आलेला भाग असतो आणि त्याच्या खाली एक खाच असते. ही खाच निव्वळ शोभेची नाही. शिंपला घट्ट मिटलेला असतानाही तिच्यातून दुसऱ्या शृंगिकेची वल्ही बाहेर काढता येतात. या दुसऱ्या शृंगिकेचा बुंधा म्हणजे स्नायूंची एक जाड पोटलीच असते आणि तिला जोडलेल्या नऊ पेऱ्यांच्या शाखेवर लांब पोहणारे केस असतात. दार बंद ठेवून खिडकीतून वल्हे मारावे, तसा हा प्रकार आहे. कोमट पाण्याच्या बशीत जिवंत प्राणी सोडला तर तो क्षणात बशीभर फिरतो, पण शिंपला उघडलेला क्वचितच दिसतो.

या प्राण्याला एकंदर सात उपांगांच्या जोड्या असतात. कोळंबीच्या मानाने ही संख्या अगदीच थोडी आहे. शरीर आखूड होत गेले, पेरांच्या सीमा पुसट झाल्या आणि प्रत्येक उपांगावर एकाहून अधिक कामे आली. पहिली शृंगिका प्रामुख्याने गंध व स्पर्श जाणते; मात्र सिप्रिडिनिडी कुलातील नरांत तिच्यावर सूक्ष्म चूषक असतात आणि मिलनाच्या वेळी मादीला धरून ठेवण्यास ते उपयोगी पडतात. या चूषकांची संख्या आणि आकार पाहून वंश ठरविले जातात, हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या शृंगिकेचे काम आताच सांगितले. तिसरी जोडी जंभाची. तिला एखाद्या पायासारखी लांब शाखा फुटलेली असते आणि अन्न पकडण्यास व वाळूत चालण्यास ती कामी येते. चौथी जंभिकेची. पाचव्या उपांगाला पंख्यासारखा एक पट्टा असतो व तो सतत हलून शिंपल्याच्या आतून पाण्याचा प्रवाह खेळता ठेवतो. सहावे उपांग पानासारखे चपटे असते.

सातवे उपांग हा या गणाचा खरा चमत्कार म्हणावा लागेल. संधिपाद प्राण्यांचे पाय ताठ पेऱ्यांचे असतात, ते ठरावीक ठिकाणीच वाकतात. येथे मात्र पायाचे रूपांतर जंतासारख्या लवचिक दोरीत झालेले आहे. ती असंख्य कड्यांची बनलेली असून कोणत्याही दिशेस वळते, आणि तिच्या टोकाला बारीक दातेरी केसांचा झुबका असतो. शिंपल्याचा आतला भाग आणि मादीने तेथे जपलेली अंडी या झुबक्याने झाडून स्वच्छ ठेवली जातात. बंद घरात राहावयाचे तर घरात झाडू हवाच! त्या झुबक्यात किती केस आहेत व प्रत्येक केसावर किती घंटाकृती टप्पे आहेत, हेही वर्गीकरणकार मोजतो आणि आकृतीत काढतो. शरीराच्या मागच्या टोकाला दोन चपट्या फलकांची जोडी असते व त्यांवर बळकट नख्या असतात. वाळूत शिरताना प्राणी त्यांच्या आधारे रेटा देतो.

आत पाठीच्या बाजूस हृदय असते. पोडोकोपांना हृदय नसते. शिवाय मायोडोकोपिडा गणातील अनेक प्राण्यांना डोक्याच्या दोन्ही बाजूंस संयुक्त नेत्र असतात, मध्यभागी एक साधा नेत्र असतो तो निराळाच. संपूर्ण ऑस्ट्रॅकोडा वर्गात संयुक्त नेत्र फक्त याच गणाला आहेत. यामुळे एक कोडे निर्माण झाले. कोळंबी व खेकड्यांनाही संयुक्त नेत्र असतात. मग मधल्या साऱ्या शाखांनी ते गमावले आणि एकट्या मायोडोकोपिडांनी राखले, की यांच्यात ते नव्याने उत्पन्न झाले? २००२ मध्ये ओकली आणि कनिंगहॅम या अमेरिकी संशोधकांनी जनुकांवरून वंशवृक्ष मांडला आणि हे नेत्र स्वतंत्रपणे उत्पन्न झाले असण्याच्या बाजूने कौल दिला. नेत्रासारखे गुंतागुंतीचे इंद्रिय दुसऱ्यांदा घडू शकते ही कल्पना सर्वांनाच पचनी पडलेली नाही, आणि वाद चालू राहावा असाच हा विषय आहे.

नेत्रांचा विषय निघालाच आहे तर जायगँटोसिप्रिस या वंशाचा उल्लेख टाळता येत नाही. हा या साऱ्या वर्गातील महाकाय. म्हणजे बोराएवढा, सुमारे तीन सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, नारिंगी झाक असलेला पारदर्शक गोळा. तो समुद्राच्या सुमारे हजार मीटर व त्याखालच्या काळोखात राहतो. त्याच्या नेत्रांत भिंग असे नाहीच. मोटारीच्या दिव्यामागे असते तशी चकचकीत परावर्तक वाटी प्रत्येक नेत्रात असते आणि ती अंधूक प्रकाश गोळा करून नेत्रपटलावर टाकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी १९७८ मध्ये या नेत्रांची रचना उलगडली. अशा नेत्राला चित्र स्पष्ट दिसत नाही, परंतु काळोखात चमकलेला एखादा जीव त्याच्या नजरेतून सहसा सुटत नसावा.

आता कुलांकडे वळू. मायोडोकोपिडा गणात पाच कुले मानली जातात. त्यांपैकी रुटिडर्मॅटिडी हे लहान कूळ जंभाच्या टोकाला असलेल्या चिमट्यावरून ओळखता येते. सार्सिएलिडी कुलातील प्राणी शिकारी वृत्तीचे. त्यांचे शिंपले पुष्कळदा गोलसर व नक्षीदार असतात. या दोहोंविषयी आज एवढेच पुरे.

फिलोमेडिडी कुलातील नर आणि मादी शेजारी ठेवले तर ते दोन वंशांचे प्राणी वाटावेत. नराचा शिंपला लांबट, नेत्र मोठे, पोहण्याचे केस लांब. मादीचे नेत्र अनेक जातींत नाममात्र उरलेले असतात. फिलोमेडिस वंशातील मादी मिलनानंतर आपल्या दुसऱ्या शृंगिकेवरील पोहण्याचे लांब केस स्वतःच तोडून टाकते आणि उरलेले आयुष्य वाळूत रुतून काढते. म्हणजे एकाच मादीचे मिलनापूर्वीचे आणि नंतरचे रूपही सारखे नसते. येथे केवळ बाह्याकार पाहून नाव ठेवणाऱ्याची काय त्रेधा उडेल, याची आपण कल्पना करू शकता.

सिलिंड्रोलेबेरिडिडी या लांबलचक नावाच्या कुलाला मात्र आपल्या नावापेक्षा कल्ले अधिक महत्त्वाचे आहेत. शरीराच्या मागच्या व वरच्या बाजूस पानांसारख्या कल्ल्यांच्या सात-आठ जोड्या ओळीने बसविलेल्या असतात. अन्य ऑस्ट्रॅकोडांना असे कल्ले नसतात. त्यांची जंभिका आणि पाचवे उपांग यांवर कंगव्यासारखे केस असतात व त्यांतून पाणी गाळून ते अन्नकण मिळवितात. काही जाती वाळूचे कण चिकटवून आपल्यासाठी नळीसारखे घरटेही बांधतात.

याच कुलाशी निगडित असा एक शोध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शिंपल्यावरच विसंबणाऱ्या परंपरेला त्याने चांगलाच धक्का दिला. इंग्लंडमधील हेरफर्डशायर परगण्यात सुमारे साडेबेचाळीस कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख समुद्रतळावर साचली आणि तीत लहान प्राणी मऊ अवयवांसह जतन झाले. हे जीवाश्म दगडातून सोडवून घेता येत नाहीत. म्हणून डेव्हिड सिव्हिटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळीच वाट धरली. दगड मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा घासायचा, उघड्या पृष्ठाचे छायाचित्र घ्यायचे, पुन्हा घासायचे, आणि शेवटी सारी छायाचित्रे संगणकात एकावर एक रचून प्राणी पुन्हा उभा करायचा. मूळ नमुना या प्रक्रियेत नष्ट होतो. उरतो तो त्याचा संगणकातील देह. अशा रीतीने उभ्या राहिलेल्या सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या प्राण्याला कोलिम्बोसेथॉन एक्प्लेक्टिकॉस असे नाव देण्यात आले. तो नर होता हे त्याच्या जननेंद्रियावरून निर्विवाद ठरले, आणि ज्ञात असलेला सर्वांत जुना निःसंशय नर म्हणून वृत्तपत्रांनी त्याचा बराच गाजावाजा केला. खरी महत्त्वाची गोष्ट त्या गाजावाजात बाजूलाच राहिली. त्याचे उपांग, कल्ले आणि नेत्र आजच्या सिलिंड्रोलेबेरिडिडी कुलातील प्राण्यांशी कमालीचे मिळतेजुळते होते. शिंपला मात्र तसा नव्हता. नुसता शिंपला हाती लागला असता तर त्याला या कुलात कोणी बसविले नसते. म्हणजे प्राचीन खडकांतील ऑस्ट्रॅकोडांची केवळ शिंपल्यांवरून केलेली वर्गवारी किती ठिकाणी पुन्हा तपासावी लागेल, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातून सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीची लुप्रिस्का इन्क्युबा ही जाती जाहीर झाली. तिच्या शिंपल्यात अंडी होती. अंडी उघड्या पाण्यात न सोडता शिंपल्याआड जपण्याची या गणाची रीत इतकी जुनी आहे. आजही मायोडोकोपिडा मादी अंडी शिंपल्यातच वाढविते. त्यातून बाहेर पडणारे पिल्लू अळीच्या रूपात नसते. शिंपला आणि बहुतेक उपांगे घेऊन ते जन्माला येते आणि काही वेळा कात टाकून प्रौढ होते. कोळंबी किंवा खेकडा यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात व नवे किनारे वसवितात. तळाच्या वाळूत राहणाऱ्या या प्राण्यांना ती सोय नाही. त्यांची वस्ती एकदा उखडली गेली तर दूरच्या किनाऱ्यावरून अळ्या येऊन ती सहज भरून निघत नाही. अहवालातील त्या एका ओळीविषयी मी प्रारंभी बोललो त्याचे एक कारण हे आहे.

उरले ते सिप्रिडिनिडी कूळ, ज्यात समुद्री काजवा येतो. जपानच्या किनाऱ्यावर उथळ वाळूत राहणारी ही जाती जी. डब्ल्यू. म्युलर यांनी १८९० मध्ये वर्णिली आणि जपानमध्ये अध्यापन केलेले जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हिल्गेनडॉर्फ यांचे नाव तिला दिले. लांबी सुमारे तीन मिलिमीटर. दिवसा वाळूत दडून राहायचे आणि रात्री बाहेर पडून मेलेल्या माशांचे मांस खायचे, हा तिचा क्रम. भोके पाडलेल्या बरणीत माशाचे काळीज ठेवून ती रात्रभर तळाशी सोडली की सकाळी शेकड्यांनी प्राणी मिळतात. तिचा वंश पूर्वी सिप्रिडिना मानला जाई, पुढे तो व्हार्गुला झाला; रसायनशास्त्रज्ञ मात्र तिच्या प्रकाशद्रव्याला अजूनही सिप्रिडिनाच्याच नावाने ओळखतात. वर्गीकरणकाराने नाव बदलले म्हणून प्रयोगशाळेतील बाटलीवरची चिठ्ठी लगेच बदलत नाही.

या प्राण्याच्या वरच्या ओठात ग्रंथी असतात. शत्रूने पकडले की त्यांतून दोन द्रव्ये एकदम पाण्यात फेकली जातात. एक ल्युसिफेरिन, म्हणजे इंधन. दुसरे ल्युसिफेरेज, म्हणजे ते इंधन प्राणवायूच्या साहाय्याने जाळणारे विकर. पाण्यात निळ्या प्रकाशाचा ढग पसरतो, गिळलेला प्राणी मासा थुंकून टाकतो आणि हा काळोखात निसटतो. ही दोन द्रव्ये निरनिराळी असतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ द्युब्वा यांनी १८८५ ते १८८७ या काळात काजव्यासारख्या एका भुंगेऱ्यावर व एका शिंपल्यावर प्रयोग करून दाखविले होते. अमेरिकेतील न्यूटन हार्वे १९१६ मध्ये जपानला गेले आणि समुद्री काजव्याच्या रूपाने त्यांना मनासारखी सामग्री मिळाली, कारण हा प्राणी वाळवून ठेवला तरी वर्षानुवर्षांनंतर पाणी घालताच उजळतो. या गुणामुळेच दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी वाळविलेले समुद्री काजवे गोळा करण्यात आले होते. त्यांच्या मंद उजेडात रात्री नकाशा वाचता यावा असा हेतू होता.

युद्धानंतर नागोया विद्यापीठात प्राध्यापक हिराता यांनी ओसामू शिमोमुरा या तरुणाला या द्रव्याचे शुद्ध स्फटिक मिळविण्याचे काम दिले. ल्युसिफेरिन हवेत लगेच बिघडते. शिमोमुरा यांनी एका खेपेस पाचशे ग्रॅम वाळलेले प्राणी घेऊन हायड्रोजन वायूच्या वातावरणात अर्क काढला. हाती येई ते काही मिलिग्रॅम. कित्येक महिन्यांच्या अपयशानंतर १९५६ मध्ये त्यांनी थोडा अर्क तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवला आणि सकाळी परीक्षानळीच्या तळाशी तांबडे स्फटिक दिसले. याच कामगिरीमुळे त्यांना अमेरिकेतून बोलावणे आले. पुढे जेलीफिशमधील हरित प्रकाशी प्रथिनाच्या शोधाबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१९८९ मध्ये या प्राण्याच्या ल्युसिफेरेजचे जनुक वेगळे करण्यात आले. त्याचा उपयोग पाहिला म्हणजे शरीररचना का अभ्यासावी हे पटते. काजव्याचे विकर पेशीच्या आतच राहते. ते मोजावयाचे तर पेशी सामान्यतः फोडावी लागते. समुद्री काजव्याचे विकर ग्रंथीतून बाहेर टाकण्यासाठीच घडलेले, म्हणून ते पेशीतून आपोआप बाहेर पडते. भोवतालचे द्रव तपासले की पेशी न मारता तिच्यात काय चालले आहे ते कळते. ओठातील ग्रंथीची ही खोड आज जगभरच्या प्रयोगशाळांत कामास येते.

काही मासे याच प्रकाशाची उसनवारी करतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोरिक्थिस हा मासा ल्युसिफेरिन आहारातून मिळवितो; ज्या पाण्यात असे ऑस्ट्रॅकोड नाहीत तेथील मासे अंधारेच राहतात आणि त्यांना ते खाऊ घातले तर उजळतात. पॅराप्रायाकँथस या माशाबाबत तर २०२० मध्ये असे आढळले की, तो ल्युसिफेरेज हे प्रथिनसुद्धा भक्ष्याकडूनच घेतो. खाल्लेले प्रथिन न पचविता जसेच्या तसे वापरणे ही विलक्षणच गोष्ट होय. कॅरिबियन समुद्रात याच कुलातील नर सूर्यास्तानंतर पोहता पोहता प्रकाशाचे ठिपके पाण्यात मांडत जातात. ठिपक्यांमधील अंतर, त्यांचा क्रम आणि वर-खाली जाण्याची दिशा प्रत्येक जातीची निराळी असते, आणि मादी आपल्याच जातीची रांग ओळखून येते. जेम्स मॉरिन व अ‍ॅन कोहेन यांनी या रांगा वाचून कितीतरी जाती वेगळ्या केल्या. प्रथम प्रकाशावरून शंका येते, मग सूक्ष्मदर्शकाखाली उपांग उलगडून खात्री केली जाते.

आपल्या अरबी समुद्रातही या कुलाचे प्रतिनिधी आहेत. म्युलर यांनी १९०६ मध्ये वर्णिलेल्या सिप्रिडिना डेंटाटा या जातीचे, रात्री मिलनासाठी जमणारे थवे उत्तर अरबी समुद्रात दिसल्याची नोंद १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. मात्र कोकण किनाऱ्यावर लाटांबरोबर जी निळी प्रभा आपण पाहता, ती पुष्कळदा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची असते. दोहोंतील फरक ओंजळभर पाण्यातही कळू शकतो. नॉक्टिल्युका हलविताच ठिणगीसारखी चमकते व विझते, कारण तिचा प्रकाश पेशीच्या आत असतो. ऑस्ट्रॅकोडाचा प्रकाश त्याच्या शरीराबाहेर पाण्यात सांडतो आणि प्राणी निघून गेला तरी मागे क्षणभर रेंगाळतो.

हिंदी महासागराच्या १९६० ते १९६५ मधील आंतरराष्ट्रीय मोहिमेत गोळा झालेले प्लवकांचे नमुने कोचीन येथे निवडले गेले, आणि त्यांत ऑस्ट्रॅकोड हा एक स्वतंत्र गट म्हणून बाजूस काढला गेला. दूरच्या खोल समुद्रातील नमुने असे जमले. ज्या वाळूवर आपली गावे उभी आहेत, त्या उथळ तळातील मायोडोकोपिडांकडे मात्र आजवर फार कमी हात वळले आहेत, असे माझे मत आहे. या कामाला मोठे जहाज लागत नाही. माशाचा तुकडा घातलेली, झाकणाला भोके पाडलेली बरणी दोरीला बांधून रात्री जेट्टीवरून तळाशी सोडावी आणि पहाटे काढून बारीक कापडातून गाळावी. मालवण सागरी अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून हे करू नये. मिळालेले प्राणी फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नयेत. ते आम्लधर्मी होत जाते आणि शिंपल्यातील चुना विरघळतो. सत्तर टक्के अल्कोहोल चांगले. नमुना भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्राकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे दाखवावा. बाटलीत आतल्या बाजूस कागदाची चिठ्ठी टाकावी आणि तिच्यावर ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याची खोली व तळ वाळूचा की चिखलाचा एवढे लिहावे. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.